मगरिबच्या आधी ज्योत बसते तेव्हा

असरची नमाज आटोपलेली असते. मशिदीच्या अंगणात भट्टीवर मोठी देग चढलेली असते आणि दोन पोरं आळीपाळीने लाकडी घोटणीने हलीम घोटत असतात. गहू, डाळी, मटण सकाळपासून शिजत आलेलं असतं. हलीमला थांबून चालत नाही. खाली लागलं की करपट वास अख्ख्या देगेत उतरतो आणि मग तो कशानेच जात नाही. बावर्ची स्वतः रोजात, त्यामुळे चव घेत नाही. मीठ बघायला शेजारचा एखादा दोस्त बोलावला जातो. तो वाटी तोंडाला लावतो, मान डोलावतो, आणि नेमकी त्याच वेळी भट्टीची निळी ज्योत बसू लागते. इफ्तारला तास उरलेला असतो.

‘टाकी संपली,’ कुणीतरी म्हणतं. बावर्ची टाकी हलवून बघतो, तर ती चांगली जड लागते. आत निम्म्याहून जास्त गॅस आहे. फक्त तिच्या खालच्या अंगाला घाम फुटलेला असतो आणि हात लावला तर बोटं गारठतात. कधी कधी तर पांढऱ्या बर्फाची साय धरलेली असते.

जवळा बाजारसारख्या बाजारगावाला हे दृश्य नवं नाही. रमजानमध्ये ते मशिदीच्या अंगणात दिसतं, अखंड हरिनाम सप्ताहात पंगतीच्या मागे दिसतं, लग्नसराईत मंडपाच्या आडोशाला दिसतं. पातेली त्याच मापाची, भट्टी त्याच जातीची आणि बहुतेक वेळा ती भाड्याने देणारा मंडपवालाही तोच. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे ते जितकं इफ्तारच्या देगेचं आहे, तितकंच भंडाऱ्याच्या भाजीचंही आहे.

टाकी संपलेली नसते. ती गारठलेली असते. हा फरक न कळल्यामुळे त्या शेवटच्या तासात जे उद्योग होतात, ते अंगावर काटा आणणारे असतात. कुणी टाकी उकळत्या पाण्याच्या टोपल्यात ठेवतं. कुणी टाकीखाली पुठ्ठे पेटवतं. कुणी ती आडवी करून पायाने लोळवतं, तर कुणी उलटी धरतं. आणि बहुतेकदा ज्योत खरंच वाढते, म्हणून हा उपाय पुढच्या वर्षीही लक्षात राहतो. यातला धोका आजवर आला नाही, एवढाच त्याचा दाखला.

टाकीत गॅस वायुरूपात भरलेला नसतो. तो दाबाखाली द्रव झालेला असतो, म्हणून तर टाकी हलवली की आत डुचमळतो. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते आणि भट्टीला मिळते ती हीच वाफ. जेवढी वाफ जाते तेवढा द्रव नव्याने उकळतो. उकळायला उष्णता लागते आणि ती टाकीखाली चूल नसल्याने द्रव स्वतःतून आणि टाकीच्या पत्र्यातून, म्हणजे शेवटी भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. एक किलो गॅसची वाफ व्हायला ढोबळमानाने ९० ते १०० किलोकॅलरी लागतात. दहा लिटर पाणी नऊ-दहा अंशांनी गार करायचं तर तेवढीच उष्णता काढून घ्यावी लागेल. घरची शेगडी सावकाश गॅस ओढते, त्यामुळे हवेतून येणारी उष्णता पुरून उरते आणि आपल्याला यातलं काही जाणवतही नाही. देगेखालची मोठी भट्टी मात्र तासाला दोन-तीन किलो गॅस सहज ओढते. १९ किलोची एक व्यावसायिक टाकी उन्हाच्या दिवसांत सलग तासाला साधारण एक किलोच्या आसपास वाफ नीट देऊ शकते. बाकीची मागणी ती स्वतःला गारठवून भागवते. गारठली की आतला दाब उतरतो, दाब उतरला की ज्योत बसते.

आपल्याकडच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जवळ आला की उकळायचं नाव घेत नाही. आधी प्रोपेन जास्त उडून जातो, मागे ब्युटेनचं प्रमाण वाढतं. शिवाय टाकी रिकामी होत जाते तसा द्रवाला टेकलेला पत्रा कमी होतो, म्हणजे उष्णता आत यायची वाटही अरुंद होते. म्हणून निम्म्यावर आलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा लवकर हात टेकते. सकाळी फुरफुरणारी टाकी असरनंतर का रुसते, याचं कारण हे आहे.

रमजानचं आणि या गारठ्याचं आणखी एक नातं आहे. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. काही वर्षांपूर्वी तो मे महिन्याच्या उन्हात होता. आता तो हिंगोली जिल्ह्यात हळद काढायच्या आणि शिजवायच्या दिवसांत आला आहे. पुढे तो जानेवारीत जाईल, आणि २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा एकदा सुरू होईल. सहेरीसाठी पहाटे तीनला भट्टी पेटवणाऱ्याला मे महिन्यात जी टाकी पुरत होती, ती थंडीत पुरणार नाही. उपाय आत्ताच शिकून ठेवलेला बरा.

गरम पाण्याने आणि जाळाने द्रव फुगतो. टाकी पूर्ण काठोकाठ भरत नाहीत, वर फुगायला जागा सोडतात, ती याचसाठी. जाळ लावणाऱ्याला आत किती जागा उरली आहे हे दिसत नाही आणि पत्र्याचा एकच भाग किती तापला हेही कळत नाही. आडवी किंवा उलटी टाकी त्याहून वाईट, कारण मग रेग्युलेटरकडे वाफेऐवजी द्रव जातो. या द्रवाची वाफ झाली की ती सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. भट्टीच्या तोंडाशी ती एकदम फुलते, ज्योत माणसाच्या उंचीची होते आणि घोटणी धरलेली पोरं तिथेच उभी असतात.

खरा उपाय साधा आहे. एका टाकीवरचा भार तीन टाक्यांत वाटायचा. भट्टी तासाला तीन किलो ओढते, तर तीन टाक्यांनी एकेक किलो द्यायचा. मग कुणीच गारठत नाही. हे बावर्चीलाही माहीत असतं आणि म्हणूनच दोन-तीन टाक्या एकत्र जोडायची पद्धत गावोगावी आहे. चूक असते ती जोडण्यात.

सगळ्यात आधी टाक्या कुठल्या, हा प्रश्न येतो. मशिदीच्या समितीकडे व्यावसायिक टाकी एकच असते. ज्योत बसली की कुणीतरी धावत जातं आणि शेजारच्या घरातून लाल टाकी घेऊन येतं. देणारी काकू स्वतःच्या शेगडीवरचं दूध उतरवून रेग्युलेटर काढून देते, ‘पोरांचा रोजा सुटू द्या, आमचं रात्री बघू’ म्हणते. सप्ताहात याच गल्लीतून उलट दिशेने टाकी जाते. गावाला गाव म्हणायचं ते अशाच गोष्टींमुळे. तरीही ही टाकी घेऊ नये. अनुदानाच्या हिशेबातली १४.२ किलोची घरगुती टाकी इतर कामाला वापरणं २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशानुसार गुन्हा आहे, आणि पकडले गेले तर टाकी ज्या घराच्या नावावर आहे त्या घरालाही जाब द्यावा लागतो. काकूने उपकार केला आणि कटकट तिच्याच दारी, असं व्हायला नको. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. घरचा रेग्युलेटर, घरची नळी आणि ती टाकी एका शेगडीच्या मानाने बनवलेली असतात. हलीमच्या भट्टीशी त्यांचं जमत नाही.

मग येतो तो ‘टी’. रबरी नळीच्या दोन तुकड्यांत पितळी टी बसवायचा, दोन टाक्यांचे दोन रेग्युलेटर दोन टोकांना, तिसरं टोक भट्टीला, आणि वर पट्ट्या आवळायच्या. दहा मिनिटांत काम होतं. पण एकाच दाबाचे म्हणून घेतलेले दोन रेग्युलेटरही तंतोतंत सारखे नसतात. ज्याचा दाब किंचित जास्त, तोच आधी भार उचलतो, दुसरा जवळजवळ बसून राहतो. म्हणजे दोन टाक्या लावूनही एकच गारठते. लोक म्हणतात, ‘दोन लावल्या तरी तेच’, आणि मग तिसरी लावतात.

काही ठिकाणी रेग्युलेटरच काढून टाकतात आणि टाक्या सरळ नळीने जोडतात. हा प्रकार त्याहून भयंकर. उन्हाच्या दिवसांत टाकीच्या आत प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाच-सात किलोच्या घरात दाब असतो. घरच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडताना तो त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी झालेला असतो. घरची नळी या कमी दाबासाठी आहे. तिला टाकीचा पूर्ण दाब दिला तर ती कुठे सुटेल, हे फक्त नळीलाच ठाऊक.

नीट जोडणी कशी असते, ते टाकीपासून भट्टीपर्यंत चालत गेलं तर समजतं. प्रत्येक टाकीच्या तोंडावर तिच्या झडपेला बसणारा अडॅप्टर. त्यातून निघणारी छोटी, जाड, मोठा दाब सोसणारी नळी. फिटर तिला पिगटेल म्हणतात. ही नळी एका आडव्या पोलादी पाइपाला मिळते. हा पाइप भिंतीला किंवा लोखंडी चौकटीला पक्का बसवलेला असतो आणि त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. सगळ्या टाक्या आपली वाफ या एका पाइपात ओततात. पाइपाच्या पुढच्या टोकाला दाब दाखवणारं मीटर, त्याच्यापुढे रेग्युलेटर, आणि तो एकच. त्यानंतर सहज हाताला येईल असा बंद करायचा कॉक, आणि मग भट्टीकडे जाणारी लाइन. रेग्युलेटर एकच असल्याने कोण जास्त कोण कमी हा तंटाच उरत नाही. सगळ्या टाक्यांना सारखं ओढलं जातं. तो भट्टीला जेवढा गॅस लागतो तेवढा पुरवणारा आणि तिच्या बर्नरला लागतो त्या दाबाचा असावा लागतो. मीटर बघायची सवय या भागातल्या माणसांना नव्याने लावावी लागणार नाही. वाफेच्या बॉयलरवर हळद शिजवणारा गडी काट्याकडे बघितल्याशिवाय झडपेला हात लावत नाही. गॅसच्या लाइनवर तोच काटा आहे.

आता राहिली ती या जोडणीतली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात आधी गाळली जाणारी वस्तू. पिगटेल मॅनिफोल्डला मिळते तिथे प्रत्येक टाकीसाठी एक स्वतंत्र कॉक आणि एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा. नावाप्रमाणे तो गॅस टाकीकडून पाइपाकडे जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. पैसे वाचवायचे म्हणून फिटरला ‘तो राहू द्या’ सांगितलं जातं, कारण त्याच्याविनाही ज्योत अगदी छान लागते. त्याचं काम ज्योत लावणं नाहीच. एक टाकी उन्हात आणि एक सावलीत असेल, किंवा एक ताजी आणि एक निम्मी वापरलेली असेल, तर दोघींचा दाब वेगळा असतो. भट्टी बंद असताना जास्त दाबाच्या टाकीतला गॅस कमी दाबाच्या टाकीत शिरतो आणि तिथे पुन्हा द्रव होतो. रात्रभरात एखादी टाकी तिच्या मापापेक्षा जास्त भरू शकते, आणि बाहेरून ते कळत नाही. दुसरा प्रसंग आणखी साधा. तीनपैकी एक टाकी संपली म्हणून पोरगं ती काढायला घेतं. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल आणि कॉक लावायचा राहिला असेल, तर उरलेल्या दोन टाक्यांचा गॅस त्याच्या हातातल्या उघड्या नळीतून फुसांडत बाहेर येतो. चार हातांवर भट्टी पेटलेली असते.

म्हणून एकाच वेळी भरलेल्या टाक्या एकत्र लावाव्यात, एकत्र उघडाव्यात आणि बदलायच्या तर एकत्रच बदलाव्यात. किती लावायच्या यालाही मर्यादा आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे एका जागी १०० किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो. कोपऱ्यात राखून ठेवलेली भरलेली टाकीही या हिशेबात धरायची. दोन देगा दोन मोठ्या भट्ट्यांवर एकदम पूर्ण आचेवर चढवायच्या तर सहा टाक्या लागतील आणि मर्यादा ओलांडेल. अशा वेळी जुन्या बावर्चींचा रिवाज कामी येतो. हलीम गॅसवर, खाना लाकडावर. दम द्यायला तरी निखाऱ्यांइतकं चांगलं काही नाही, असं ते म्हणतात आणि ते खरंही आहे.

जागा निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराने जमिनीलगत सरकतो आणि नालीत, खड्ड्यात, तळघरात साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. टाक्या मंडपाबाहेर, मोकळ्या हवेत, सपाट जमिनीवर, उभ्या आणि साखळीने बांधलेल्या असाव्यात. नालीपासून दूर आणि भट्टीपासून निदान दहा फुटांवर. वुजूच्या जागेची नाली याच अंगणातून वाहते, हे टाक्या मांडताना कुणाच्या लक्षात येत नाही. आणि जिथून लोक ये-जा करतात त्या दाराच्या तोंडाशी तर टाक्या कधीच नकोत. मुंबईत कुर्ल्याच्या एका उपाहारगृहात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी गॅसची आग लागली, तेव्हा आठ जणांना बाहेर पडायला वाटच मिळाली नाही. राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातल्या भुंगरा गावी ८ डिसेंबर २०२२ रोजी लग्नघरात गॅस गळून आग लागली, टाक्या फुटल्या आणि तीसहून अधिक माणसं गेली. वरात निघायची होती.

टाकी घेताना तिच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे लिहिलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी वर्षाची शेवटची तिमाही. पुढचे आकडे वर्षाचे. टाकीची पुढची तपासणी तोपर्यंत व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. ती मुदत उलटलेली टाकी परत करावी. जोडणी झाली की भट्टी न पेटवता कॉक उघडून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला तर सांधा पुन्हा आवळायचा. काडी ओढून गळती शोधणारा एखादा शूर प्रत्येक गावात असतो, त्याला त्या दिवशी फळं कापायला बसवावं.

पेटवताना आधी काडी बर्नरशी, मग गॅस. वाऱ्याने ज्योत विझली तर लगेच काडी ओढायची नाही. कॉक बंद करून चार-पाच मिनिटं हवा खेळू द्यायची. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाचं नाक तसंही जास्तच तिखट असतं. वास आला तर पंख्याच्या, माइकच्या बटणाला हात न लावता टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करायचे, माणसं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, मागे घ्यायची आणि १९०६ या गॅस मदत क्रमांकावर फोन करायचा. नळीने पेट घेतलाच तर पहिलं काम पाणी मारणं नव्हे, गॅस बंद करणं. आग विझली आणि गॅस चालूच राहिला तर तो न दिसता पसरत जातो आणि दुसरीकडे पेटतो. कोरड्या पावडरचं अग्निशामक आणि ओली पोती टाक्यांच्या विरुद्ध बाजूला, हाताशी असावीत.

असा मॅनिफोल्ड गावातल्या वेल्डरकडून करून घेण्याची वस्तू नाही. गॅस एजन्सीला विचारून अधिकृत फिटरकडून करून घ्यावा लागतो. त्याला पैसे पडतात, आणि वर्षातून एक महिना लागणाऱ्या गोष्टीवर ते खर्च करायला मशिदीची समिती का-कू करते. पण हीच चौकट सप्ताहाला लागते, महाशिवरात्रीच्या फराळाला लागते, लग्नांना तर दर आठवड्याला लागते. मंडपवाल्याने भट्टीबरोबर ती ठेवली आणि सगळ्यांनी तिचं भाडं दिलं, तर दोन-तीन हंगामांत खर्च निघून यावा. भट्टी भाड्याने घेताना ‘टाक्या कशा जोडणार?’ एवढा प्रश्न विचारायला तर काहीच लागत नाही.

आणि एक माणूस. दिवसभर व्हॉल्व्हपाशी कोण, हे सकाळीच ठरलेलं असावं, आणि त्याने देगेकडे नाही, टाक्यांकडे बघावं. अवघड वेळ येते ती अजानची. घोटणीवरची पोरं, फळं कापणारे, बावर्ची, सगळे एका क्षणात खजुराकडे वळतात आणि मग जमात उभी राहते. ती दहा-पंधरा मिनिटं अंगणात पेटलेल्या भट्टीजवळ कुणीच नसतं. जाणते बावर्ची अजानच्या आधीच टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करतात, पाइपात उरलेला गॅस भट्टीत जळून ज्योत आपोआप विझू देतात आणि मग बर्नरचा कॉक फिरवतात. हलीम तोवर देगेच्या उष्णतेवर गरम राहतं. तरावीहनंतरच्या जेवणासाठी मंद आच ठेवायचीच असेल, तर मघाशी मीठ चाखलेला दोस्त खुर्ची ओढून टाक्यांशेजारी बसतो. नमाज संपेपर्यंत तो तिथून उठत नाही. त्याच्यासाठी हलीमची पहिली वाटी झाकून ठेवलेली असते.